खोचलीस का?

तिला चार हात होते आणि चारही वेगवेगळ्या लांबीचे. एक खिडकीच्या गजाला, दुसरा दाराच्या वरच्या कडीला, तिसरा भिंतीतल्या खुंटीला आणि चौथा लोखंडी कपाटाच्या मुठीला. या चौथ्या हातामुळे रात्री साडेनऊनंतर आमचं कपाट बंद. कुणाला जास्तीची चादर हवी असो की अण्णांना मफलर, 'मच्छरदाणी सोडावी लागेल' एवढं ऐकलं की माणूस आपली गरज मुकाट मागे घ्यायचा.

मूळची ती पांढरी असावी. माझ्या आठवणीतली मात्र ताकाच्या रंगाची, आणि पावसाळ्यात ओल्या सुतळीसारख्या वासाची. छताला मधोमध पोट सुटलेलं. अंगावर ठिगळं: एक आईच्या जुन्या पातळाचं, एक बँडेजच्या पट्टीचं. एका भोकाला तर केसांची पिन लावलेली होती. ती 'तात्पुरती' म्हणून लागली आणि माझी दहावी होईपर्यंत तिथेच राहिली.

घर कोकणातलं. मागे पोफळी, विहीर, विहिरीशेजारी दगडी दोण आणि कोपऱ्यात करवंट्यांचा ढीग. पाऊस पडला की प्रत्येक करवंटी ही डासांची बाळंतिणीची खोली. संध्याकाळी त्यांचा घोळका घरात शिरला की सगळे आपापल्या परीने लढायचे. आजी कडुलिंबाचा पाला जाळायची. डास राहायचे आणि आम्ही खोकत अंगणात यायचो. अण्णा टाळ्या वाजवत घरभर फिरायचे. कॉइल मध्यरात्री कधीतरी विझायची. मच्छरदाणी यातलं काहीच करायची नाही. नुसती उभी राहायची. तिचं सगळं कर्तृत्व न घडलेल्या गोष्टींत होतं आणि न चावलेला डास कोण मोजतो? त्यामुळे घरात तिचं कौतुक असं कधी झालंच नाही.

तिचे दोषही होतेच. जो तिला टेकून झोपला त्याला ती वाचवायची नाही. डास बाहेर बसून आत सोंड घालायचा आणि सकाळी कोपरावर गांधींची रांग उठायची. दुसरा दोष याहून मोठा. चुकून एखादा डास आत राहिला, तर ती त्याचीही तितक्याच इमानाने राखण करायची. बाहेरच्या शंभरांपेक्षा आतला एक परवडत नाही, हे मी तिच्याकडूनच शिकलो.

म्हणून आईचा रोजचा सोपस्कार असे. आधी बॅटरी घेऊन आतले चार कोपरे बघायचे. मग आम्ही आत शिरायचं, आणि आतून कडा गादीखाली खोचायच्या. दिवा मालवला की अंधारातून प्रश्न यायचा, "खोचलीस का रे?" मी न खोचताच "हो" म्हणायचो. ती काही न बोलता बाहेरून गादीच्या कडेने हात फिरवत जायची आणि माझ्या बाजूला आली की थांबायची.

डासांच्या जाळीत एका चौरस इंचात 156 भोकं असावीत, असं एक माप आहे. म्हणजे ही बाई मुळात भोकांचीच बनलेली. फक्त एकशे सत्तावन्नावं पडता कामा नये.

तिच्या घराण्याला इतिहासही आहे. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच खराब हवा. 1897 साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला मच्छरदाणीत निजवलं आणि डास बाहेर ठेवायचे सोडून आत सोडले. दर चाव्यामागे एक आणा. रक्त प्यालेल्या त्या डासांपैकी एकाच्या पोटात 20 ऑगस्टला रॉसला हिवतापाच्या जंतूची खूण सापडली. 1902 साली त्याला नोबेल मिळालं. खराब हवेवरचा आळ तेव्हा हळूहळू फिटत गेला. जाळीच्या आतल्या माणसापासूनही बाहेरच्यांना काही धोका असू शकतो, हे मात्र मला कळायला आणखी शंभरावर वर्षं जावी लागली.

मधे एक काळ असा आला होता की तिची गरजच संपली, असं वाटावं. देशात 1953 साली हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि 1958 साली नावातलं 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' आलं. घराघरांतून डीडीटी फवारली गेली, रुग्ण झपाट्याने घटले. अण्णा सांगत, त्या दिवसांत आपली मच्छरदाणी माळ्यावर गेली होती, तिच्यात पापड गुंडाळून ठेवत. पण डासांना डीडीटीची सवय झाली, सरकारी दमही कमी पडला आणि 1976 साली देशात हिवतापाचे 64 लाखांवर रुग्ण नोंदले गेले. पापड डब्यात गेले, ती खाली आली. नावातलं 'निर्मूलन' तिने काही मनावर घेतलेलं दिसलं नाही.

तिची एक धाकटी बहीण आता गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गावोगाव वाटली जाते. तिच्या धाग्यातच कीटकनाशक असतं. वीसेक धुणी आणि तीनेक वर्षं ते टिकतं. उन्हात मात्र वाळवायची नाही, सावलीत. तिच्यावर बसलेला डास मरतो. त्यामुळे गावातली बहुतेक घरं तिच्याखाली झोपली, तर न झोपणाऱ्यांनाही थोडं संरक्षण मिळतं.

मी पुण्याला पाचव्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा आईने ती ट्रंकेत घालून दिली. मी तिला ट्रंकेतच ठेवली. इतक्या उंचावर डास कशाला येतोय! तो आला नव्हताच, घरातच जन्मला होता. फ्रिजमागच्या ट्रेमध्ये नाहीतर मनीप्लांटच्या बाटलीत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, साफ पाण्यात वाढतो आणि त्याला वाटीभर पाणी पुरतं.

मला डेंग्यू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दिवसासुद्धा मच्छरदाणीतच पडून राहा."

म्हटलं, "आता काय उपयोग? चावायचा तो चावून गेला."

"तुमच्यासाठी नाही सांगत. ताप आहे तोवर तुमच्या रक्तात विषाणू आहे. आज जो डास तुम्हाला चावेल, तो आठ-दहा दिवसांनी घरातल्या कुणाला तरी तो देईल."

इतकी वर्षं मी समजत होतो की ती बाहेरच्यांपासून मला राखते. आता ती माझ्यापासून बाहेरच्यांना राखणार होती. जाळी तीच, भोकं तीच, फक्त धोका आत निजलेला.

आई गावाहून आली. आल्या आल्या फ्रिजमागचा ट्रे ओढून मोरीत रिकामा केला, कडा घासल्या, मनीप्लांटची बाटली ओतली. "दर रविवारी," एवढंच सुनेला म्हणाली. अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. गावी कोरडा दिवस पाळायला सांगत दारोदार येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं होतं.

मग तिने ट्रंक उघडली. एक हात पडद्याच्या दांडीला, दुसरा खिडकीच्या ग्रीलला, तिसरा दारामागच्या हुकाला. चौथ्यासाठी खोलीभर पाहिलं आणि तो कपाटाच्या मुठीला बांधला. मुलीचा शाळेचा गणवेश आत राहिला. ती दाराशी येऊन उभी राहिली, जाळीतून मला पाहिलं आणि काही न मागता परत गेली.

दुपारी पडदे ओढले. जाळीच्या कडेने बाहेरून एक हात सरकत गेला, उशापासून पायथ्यापर्यंत.

"खोचलीस का रे?"

"हो," म्हटलं. या वेळी खरंच खोचली होती. तरी तिने हात पूर्ण फिरवलाच.