थोरली पेटी

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात, जुन्या घरांत ती अजून भेटते. पत्र्याची, निळ्या रंगाची, झाकणावर रंगवलेलं कमळ, दोन्ही अंगांना कड्या आणि पुढं कोयंडा. लग्नात नवरीबरोबर आली आणि घरचीच होऊन बसली. ओल आणि वाळवी लागू नये म्हणून चार विटांवर, आतल्या भिंतीला पाठ टेकून. थोरल्या जावेसारखा तिचा स्वभाव. बोलते थोडं, विसरत काही नाही, आणि सगळा भार तिच्यावर टाकून बाकीचे मोकळे होतात.

हा भार डोळ्यांना दिसतो. झाकणावर आधी वाकळांची चळत चढते. चळतीवर उशा, उशांवर पोरांची दप्तरं, मग मोबाइलचा चार्जर, औषधाच्या बाटल्या, गेल्या उन्हाळ्यातल्या लग्नपत्रिका, फवारणीच्या पंपाचं सुटं नोझल. "ठेव पेटीवर" हे त्या घरातलं रोजचं वाक्य. महिनोन्महिने झाकण उघडत नाही. पसारा सगळा तिच्या अंगावर. आत मात्र कडक शिस्त. तळाला वर्तमानपत्र, त्यावर कागदांची पिशवी, वर ठेवणीतली लुगडी आणि ओटीत आलेले खण, सर्वांत वर पाहुण्यांसाठीची चादर. कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या. लाइट गेलेली असली तरी घरची बाई हात घालून नेमकी वस्तू काढते. ही रचना तिला कुणी शिकवलेली नाही आणि तिचं श्रेयही तिला कुणी दिलेलं नाही.

पेटीवर एवढा भार आला कसा, याचं उत्तर घराच्या भिंतींत आहे. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घराला हात-हात जाडीच्या भिंती असत. भिंतीतच देवळ्या, भिंतीतच धान्याचं बळद, लाकडी खुंट्या. सामान भिंत सांभाळायची, जमीन मोकळी राहायची. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर माळवदाखाली निजायला माणसं धजेनात. ज्याला जमलं त्यानं वर पत्रे घातले, विटांच्या सडपातळ भिंती उभ्या केल्या. जीव वाचवणारा तो निर्णय होता आणि योग्यच होता. पण देवळी गेली, बळद गेलं, आणि त्यांतलं सामान जमिनीवर उतरलं. पुढं घरकुल आलं. सध्याच्या योजनेत त्याचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट, तेही स्वयंपाकाची जागा धरून. एवढ्यात माणसं, देव, चूल आणि वर्षाचं धान्य.

त्यात सोयाबीनची पोती. 2024-25च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली भाव मिळत होता. भाव चढेल या आशेनं ज्यानं माल घरात ठेवला, त्याच्या घरात चालायला वाट उरली नाही. पलीकडं पाण्याचा ड्रम. केज तालुक्यातलंच धनेगावचं मांजरा धरण 2016च्या उन्हाळ्यात कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तो उन्हाळा काढलेलं घर पाऊस चांगला झाला म्हणून ड्रम भंगारात घालत नाही. वर्षभर न वापरलेली वस्तू टाकून द्या, असा सल्ला हल्ली घर आवरण्याच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत मिळतो. बाजार जवळ आहे, नळाला रोज पाणी आहे आणि दर महिन्याला पगार आहे, अशा घराला तो लागू पडतो. इथं वस्तू पाच वर्षं पडून राहते आणि सहाव्या वर्षी घर तारते.

म्हणून इथं घर आवरण्याची वेगळी रीत आहे. दसरा काढणे. घटस्थापनेच्या आधी घरातली प्रत्येक वस्तू अंगणात येते. वाकळा नदीला, विहिरीला, नाही तर बोअरच्या हौदाला जातात. भिंती पोतारल्या जातात, डबे राखेनं घासले जातात. त्या दिवशी पेटीच्या अंगावरचा सगळा भार उतरतो. दोघं मिळून कड्या धरतात, तिला उन्हात आणतात, आणि वर्षातून एकदा झाकण पुरतं मागं पडतं.

सासू-सुना मिळून तिचा एकेक थर काढतात तेव्हा नुसती सफाई होत नाही, निवाडा होतो. जुनं लुगडं मऊ झालंय, वाकळीला अस्तर म्हणून जाईल. लेकीचं बाळंत्याचं बोचकं धाकटीला लागेल. पितळी तांब्या पुन्हा आत. एखादं पातळ मात्र कशाच्याच कामाचं नसतं. ते कुणी उलगडत नाही, वास घेऊन परत ठेवतात, आणि मला वाटतं तेही ठेवावं. 269 चौरस फुटांत एवढी एक घडी मावते.

ज्या घरांतली जोडपी ऊसतोडीला जातात, तिथं हा निवाडा अधिक कठोर असतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते. पाचसहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवायचा: तवा, परात, पीठ, वाकळा, कोयते. थोरली पेटी मागं राहते आणि तिची किल्ली म्हाताऱ्या माणसाच्या करगोट्याला. इतक्या थोड्या सामानात घर चालवणाऱ्या बाईला टापटिपीबद्दल आपण काय सांगावं?

पण तळाच्या त्या पिशवीबद्दल मात्र सांगायचं आहे. 2023 साली मराठवाड्यात कुणबी दाखल्यांसाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि घरोघरी तळाचे कागद वर आले. मोडीतले, उर्दूतले, घडीवर फाटलेले. कुणाच्या आज्यानं जपलेला खासऱ्याचा उतारा नातवाच्या शिक्षणाच्या कामी आला. ज्यांनी जुना कचरा म्हणून असे कागद जाळले होते, त्यांच्याकडं दाखवायला काही नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. शेतात वीज पडून, साप चावून माणूस गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला दोन लाख रुपये मिळतात. प्रस्ताव 30 दिवसांच्या आत द्यावा लागतो. सातबारा, वारसाचे कागद, बँकेचं पुस्तक. सुतकाच्या दिवसांत, डोळ्यांपुढं अंधार असताना, हे कागद मागं राहिलेल्या बाईला शोधावे लागतात. लुगड्यांच्या घड्या तिला पाठ आहेत. कागदांची पिशवी मात्र पुष्कळ घरांत पुरुषाच्या हातची असते. काय कुठं आहे हे त्यालाच ठाऊक, आणि तोच आता नाही.

म्हणून येत्या दसऱ्याला पेटी उन्हात आणाल तेव्हा पिशवीही बाहेर काढा. जमिनीचे, बँकेचे, शाळेचे आणि रेशन-आधारचे कागद वेगळे करा, प्रत्येकाची एक झेरॉक्स दुसऱ्या जागी ठेवा. घरच्या बाईला शेजारी बसवून एकेक कागद वाचून दाखवा. तिचं नाव अजून ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घराच्या नोंदीवर, नसेल, तर त्याच आठवड्यात अर्ज द्या. आणि पेटीच्या झाकणावर परत वाकळा रचायच्या आधी दुसरी किल्ली तिच्या हातात द्या.