पलसाण्याची सहल

घरात दीड वर्षाचे मूल असले म्हणजे सहलीचा बेत ठरविताना नकाशाआधी घड्याळ पाहावे लागते. सकाळचे दूध, साडेबाराची झोप, तिन्हीसांजेची किरकिर आणि रात्रीचा मऊ भात या चार वेळा सांभाळून जो प्रवास बसेल, तोच करावयाचा. अबूचा गारठा, महाबळेश्वरचा लांबचा पल्ला आणि सापुताऱ्याची वळणे अशी एकेक कारणे निघत आमच्या यादीतील सारी स्थळे गळून गेली, आणि जानेवारीतील एका शनिवार-रविवारसाठी शेवटी उरले ते पलसाणा. तेथे आमच्या एका गुजराती स्नेह्यांची शेतवाडी आहे आणि त्यांचे आमंत्रण चार वर्षांचे जुने होते.

पलसाण्याला सहलीस जातो म्हणताच बडोद्यातील आमच्या शेजाऱ्यांना हसू आवरेना. त्यांचेही खरेच. सुरतेपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवरचे हे तालुक्याचे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. धुळ्याकडून येणारा हमरस्ता येथेच त्याला मिळतो. ट्रकांची अखंड वर्दळ आणि कापड रंगविण्याचे कारखाने हीच बाहेरच्यांना त्याची ओळख. परंतु महामार्ग सोडून थोडे आत वळले की दोन्ही हातांना ऊसच ऊस लागतो, आणि मग ट्रकांचा आवाजही दुरून आल्यासारखा वाटतो.

शिवाय बडोदेकर मराठी माणसाला हे नाव परके वाटू नये. बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात पलसाणा हा एक तालुका होता. शेजारची बारडोली मात्र इंग्रजी अमलाखाली. १९२८ सालच्या ज्या सत्याग्रहाने वल्लभभाईंना ‘सरदार’ केले, तो या हद्दीच्या पलीकडे झाला. पुढे १९३० च्या चळवळीत बारडोलीची अनेक शेतकरी कुटुंबे जप्तीच्या जाचाला कंटाळून गुराढोरांसह गायकवाडी हद्दीत राहावयास आली होती. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही हद्द पुसली गेली.

बडोद्याहून सुरत आगगाडीने १३० किलोमीटर. तेवढ्या प्रवासासाठी आमच्यासोबत जे सामान होते, त्यात आम्हां दोघांचे कपडे एका पिशवीत मावले आणि उरलेल्या तीन पिशव्या कन्येच्या होत्या. उकळून गार केलेले पाणी, मेतकूट, भाजलेल्या रव्याचा डबा, दुपटी, आणि जिच्यावाचून झोप येत नाही ती एका कानाची कापडी मांजर. स्नेह्यांच्या आईने, म्हणजे बांनी, या पिशव्यांकडे एकवार पाहिले आणि चुलीवर मुगाची खिचडी चढविली. मेतकुटाचा डबा दोन्ही दिवस उघडावा लागला नाही.

आम्हांसाठी रात्री शेकोटीजवळ पोंक होता. आपल्याकडचा हुरडा तो हाच, पण सुरती माणसाचे त्याचे कौतुक काही वेगळेच. कोवळ्या ज्वारीच्या हिरव्या दाण्यांबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव आणि खडीसाखरेचे दाणे. रविवारी बारडोलीला जाऊन स्वराज आश्रम पाहावा, असा स्नेह्यांचा बेत होता. कन्येचा बेत निराळा होता. सकाळी अंगणातून बाहेर पडल्यावर विहिरीपर्यंतचे शंभरएक पावलांचे अंतर तोडण्यास तिला पाऊण तास लागला. वाटेत मुंग्यांची रांग होती, बैलाचे शेण होते, एक फुटके मडके होते. यांतील कशालाही ओलांडून जाणे तिला मान्य नव्हते. आम्ही तिच्या मागे मागे चाललो. मोठ्या माणसांच्या चालीने गेलो असतो तर जे नजरेस पडले नसते, ते त्यामुळे पडले.

विहिरीपलीकडच्या वावरात ऊसतोड चालू होती. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधली होती आणि तिच्यात आमच्या कन्येएवढेच एक मूल निजले होते. झोळीची दोरी सात-आठ वर्षांच्या एका मुलीच्या हातात होती. दोरी ओढता ओढता ती समोर बांधून पडलेल्या उसाच्या मोळ्या मोजत होती, आणि तो आकडा मराठी होता. “सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास,” आणि मग पुन्हा “एक, दोन.”

आम्ही थबकलो. आई कोयता खाली ठेवून कपाळ पुसत जवळ आली आणि आमच्या कन्येकडे पाहून म्हणाली, “पोरनं नाव काय शे?” नंदुरबारकडची ही मंडळी. दिवाळी आटोपली की मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवापूर-सोनगडच्या वाटेने इकडे यावयाचे, आणि कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत शेताकडेच्या पालांत राहावयाचे. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात; हिशेबात माणसे नसतात, कोयते असतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते. लहानग्याला घरी ठेवावे तर मागे घरात कोणी नाही, म्हणून तोही येतो, आणि त्याला सांभाळण्यास बहीण येते.

पन्नासच्या पुढे का मोजत नाहीस, असे आम्ही त्या मुलीला विचारले. तिने सरळ उत्तर दिले, “गुरुजींनी तेवढंच शिकवलं होतं, मग आम्ही इकडे आलो.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पन्नासांचा एक ढीग झाला की ती बांधावर एक खडा ठेवी. चार खडे जमले होते. तिने तिचे काम अडू दिले नव्हते. तिने आमच्या कन्येला उसाचा एक पांढरा तुरा दिला आणि पुन्हा मोजावयास लागली. आमची कन्या तिच्याशेजारी मातीत फतकल मारून बसली व प्रत्येक आकड्याला मोठ्याने “दोन” म्हणू लागली. झोळीतले मूल जागे झाले, तेव्हा दोघे एकमेकांकडे बराच वेळ टक लावून पाहत राहिले. बारडोली तशीच राहिली.

याच पलसाण्यात एके काळी कोणता कायदा होता, याचे स्मरण त्या बांधावर होणे अपरिहार्य होते. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत सुरू केला आणि १९०६ साली तो सबंध राज्याला लागू केला. बडोद्याच्या मराठी घरांत ही गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगावीच. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९ सालचा कायदा तर आता सर्व देशाचा आहे. परंतु कायदा गावातल्या शाळेशी बांधलेला असतो आणि हे मूल सहा महिने गावात नसते. सुरत शहरात महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत. पाल मात्र उसाच्या शेताशेजारी पडते, आणि ऊस संपला की पुढच्या शेताकडे सरकते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी बारडोली भागातील या तोडकऱ्यांविषयी १९७० च्या दशकापासून लिहिले आहे. त्या काळात झोळीत निजणारी मुले आज आजोबा झाली असतील.

महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक कोण, असे विचारले की आपण सरदारांचे वाडे, संस्थानी नोकऱ्या, रेल्वे आणि गिरण्या यांचा इतिहास सांगू लागतो. आपल्या मंडळांच्या वर्गणीच्या वह्यांत हीच नावे आहेत. दरवर्षी दिवाळीनंतर येणारे आणि उन्हाळा लागला की जाणारे हे मराठी त्या वह्यांत कोठेच नाहीत. त्यांची भाषा अहिराणी असो वा भिली, त्यांच्या मुलांची शाळा मराठी आहे आणि ती अर्ध्यावर सुटलेली आहे. आपल्या मुलांचे मराठी टिकावे म्हणून आपण चिंता करतो, वर्ग चालवितो, स्पर्धा घेतो. त्या मुलीचे मराठी पन्नासावर थांबले होते, इतकेच.

स्नेह्यांपाशी आम्ही रात्री हा विषय काढला. पालांवर रविवारी दुपारनंतर तोड थोडी सैल असते, कोणी शिकविणारे आले तर ओसरी आपली, असे ते म्हणाले. बा म्हणाल्या, “ओसरी काय, खिचडीपण आपली.” सुरत-बडोद्याकडे निवृत्त मराठी शिक्षक थोडे नाहीत. ज्यांना दोन-तीन रविवार देता येतील, त्यांनी आपल्या मंडळात हा विषय अवश्य काढावा. हंगाम एप्रिलपर्यंत चालतो.

आम्ही आमच्या घरातले ‘किशोर’चे जुने अंक आणि एक अंकलिपी काढून ठेवली आहे. पुढच्या शनिवारी ती घेऊन निघावयाचे आहे. या खेपेस कन्येच्या दोनच पिशव्या असतील.