कॉम्रेड, टाटा बाय-बाय!

बुडापेस्टला गेलेले सगळे काय करतात? डॅन्यूबवर क्रूझ, गरम पाण्याच्या हमामात डुंबणं आणि रात्री रोषणाईतल्या पार्लमेंटसमोर फोटोसेशन. करा, जरूर करा. पण एक दुपार राखून ठेवा. पिवळ्या 47 नंबरच्या ट्रॅमने अ‍ॅस्टोरियाला उतरा. तिथून पुढे जो रस्ता जातो, त्यावर एका बाजूला नॅशनल म्युझियम आणि समोर जुन्या पुस्तकांची दुकानं. अशाच एका दुकानात मी पोस्टर्सचा जाडजूड अल्बम उघडला आणि दोन तास कसे गेले, कळलंच नाही.

जरा फ्लॅशबॅक. 1990 च्या मार्च-एप्रिलमध्ये हंगेरीत चार दशकांहून जास्त काळानंतर पहिल्यांदा खरीखुरी बहुपक्षीय निवडणूक झाली. पक्ष नवे, खिसे रिकामे आणि नेत्यांचे चेहरे फारसे कुणाला माहीत नाहीत. मग चेहरा छापून उपयोग काय? त्यामुळे भिंतीवर लागली ती आयडिया! चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडलेले पंचवीस चेहरे बघायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे एकदम फ्रेश वाटतं.

पहिलं पोस्टर इश्त्वान ओरोस या चित्रकाराचं, ‘एमडीएफ’ या पक्षासाठी केलेलं. त्यात दिसते सोव्हिएत अधिकाऱ्याची पाठमोरी टोपी आणि तिच्याखाली वळ्या पडलेली जाडजूड मान. बस्स. वर रशियन लिपीत दोन शब्द : ‘तवारिशी, कनेत्स!’ म्हणजे ‘कॉम्रेड्स, संपलं!’ भाषांतराची गरजच नव्हती, कारण शाळेत रशियन सगळ्यांनाच सक्तीने शिकावी लागली होती. ज्यांनी ती भाषा लादली, त्यांना त्याच भाषेत टाटा! गंमत म्हणजे हंगेरियनमध्ये ‘ओरोस’चा अर्थच ‘रशियन’. एमडीएफ ती निवडणूक जिंकला आणि 19 जून 1991 ला शेवटचा सोव्हिएत सैनिक देशाबाहेर पडला.

दुसरं पोस्टर तर आपल्या वयाचं. पक्ष फिडेस, म्हणजे ‘तरुण लोकशाहीवाद्यांची आघाडी’. 1988 मध्ये कॉलेजातल्या पोरांनी काढलेला, 35 च्या वरच्यांना नो एन्ट्री! पोस्टरवर दोन फोटो. वर ब्रेझनेव्ह आणि होनेकर या दोन म्हाताऱ्या कॉम्रेड्सचं 1979 चं ते प्रसिद्ध चुंबन. खाली बाकावर बसलेलं, किस करणारं तरुण जोडपं. आणि ओळ एवढीच : ‘कृपया निवडा.’ प्रचाराला गाणंसुद्धा रॉक्सेटचं, ‘लिसन टू युवर हार्ट’! मतं मिळाली जेमतेम 9 टक्के, पण पोस्टर अजरामर झालं.

इथपर्यंत सगळं कूल. पण त्या पोरांचा नेता होता व्हिक्टर ऑर्बान. 1993 मध्ये पक्षाने वयाची अट काढली, 2010 मध्ये दोन तृतीयांश बहुमत मिळवलं. आणि 2017 च्या उन्हाळ्यात याच शहरातल्या ट्रॅमस्टॉपपासून हायवेपर्यंत सरकारी खर्चाने एक होर्डिंग झळकलं. त्यावर अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांचा हसरा चेहरा आणि मजकूर : ‘शेवटचं हसू सोरोसचं होऊ देऊ नका.’ सोरोस मूळचे बुडापेस्टचे, ज्यू, नाझींच्या तावडीतून वाचलेले. तिथल्या ज्यू संघटनेने ही होर्डिंग्ज काढा, अशी विनंती केली. सरकारने ज्यूद्वेषाचा आरोप फेटाळला. आणि हो, 1989 मध्ये ऑर्बान ऑक्सफर्डला शिकायला गेले होते, ते सोरोस यांच्याच फाउंडेशनच्या स्कॉलरशिपवर!

अल्बम मिटून मी चालत लिबर्टी स्क्वेअरला गेले. सोव्हिएत सैनिकांचं स्मारक तिथे उभंच आहे, शेजारी पोरं सायकली फिरवत होती. डोक्यात मात्र ती दोन पोस्टर्सच. हंगेरियनमध्ये ‘निवड’ आणि ‘निवडणूक’ यांना शब्द एकच, ‘वालोस्ताश’. 1990 च्या पोस्टरवर दोन फोटो होते, म्हणजे बघणाऱ्याला काहीतरी ठरवायला उरलं होतं. 2017 च्या होर्डिंगवर फोटो एकच होता, आणि ठरवायचं काम आधीच कुणीतरी उरकून टाकलं होतं.