साक्षीदार

वंशभेदावर चर्चा ठेवली की पुण्यातल्या आमच्या कॉलेजात आधी अमेरिका येते. मार्टिन ल्यूथर किंग येतात. २०२०मध्ये मिनियापोलिसच्या रस्त्यावर पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरलेला जॉर्ज फ्लॉइड येतो. परवाही बोलणाऱ्यांचे गळे दाटून आले, आणि ते मनापासून होतं. मग मागच्या बाकावरून नागालँडची माझी वर्गमैत्रीण उठली. "मला इथे भाड्याने खोली मिळत नाही, त्याचं काय?"

फोनवर सगळं ठरलं होतं. चेहरा दिसला आणि खोली 'कालच गेली'. एवढं ती सांगते तोच प्रश्न सुरू झाले. वंशामुळेच नाकारली कशावरून? घरमालक सगळ्यांशीच तसे वागतात. बरोबर कोण होतं? बघता बघता तिची उलटतपासणी झाली. फ्लॉइडचा व्हिडिओ तरी होता. दारातून परत पाठवल्याचा व्हिडिओ कोण काढणार?

'आपल्याकडे जात आहे, वंश नाही,' हेही कुणीतरी म्हणालंच. मला ते साफ अमान्य आहे. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्मानंतर लगेच वंश आहे, मग जात. आणि निडो तानियाचं काय? अरुणाचलचा हा विद्यार्थी. जानेवारी २०१४मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात त्याच्या केसांवरून टवाळी झाली, तो चिडला, त्याला मारलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. वांशिक शेरेबाजी हा स्वतंत्र गुन्हा करा, असं त्यानंतर केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी सुचवलं. २०२४मध्ये नवी न्याय संहिता लागू झाली, तरी तो गुन्हा कायद्यात नाहीच.

त्याआधी, २००७मध्ये, दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली होती. उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न देता शिजवा, असा तिच्यात सल्ला. त्यात अखुनीचं नाव. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. मैत्रिणीच्या आईने पाठवलेली पुडी मी पाहिली आहे: हिरव्या पानात घट्ट बांधलेली, आत तपकिरी, चिकट दाणे. वास उग्र, पण मालवणात आजी सुकट भाजते तेव्हाही तो चार घरांपलीकडे जातो, आणि शेजारीण वाटी घेऊन येते.

चर्चेतून बाहेर पडताना मैत्रीण म्हणाली, "पुढच्या वेळी मी बोलणार नाही. तुम्ही बोला."

शनिवारी कोथरूडला एक खोली बघायची आहे. एजंटला फोन मी केलाय. दारात दोघी जाणार आहोत.