ताबा आणि वहिवाट

सहांपैकी तीन ठेवायच्या, एवढे ठरले आहे. कोणत्या तीन, हे ठरत नाही. रीतसर फेरिस्त तयार केली, प्रत्येक सायकलीपुढे चौकटीचा धातू, गिअर, टायरची रुंदी आणि ती घरी आली ते साल असा तपशील भरला, आणि ‘शेरा’ हा शेवटचा रकाना मात्र कोराच राहिला. वडिलांची काळी सेन-रॅले, आसनसोलच्या कारखान्यातून आलेली, या फेरिस्तीत मी धरलेलीच नाही. तिच्याविषयी असा प्रश्न उपस्थित करण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही. प्रश्न आहे तो वळलेल्या मुठींच्या, बारीक टायरांच्या, डांबरी रस्त्यासाठीच जन्मलेल्या सहा सायकलींचा.

प्रथम मी वहिवाटीचे तत्त्व लावून पाहिले. ज्या शेतात वर्षानुवर्षे ज्याचा नांगर चालतो त्याचा हक्क जसा लोक दस्तऐवजावाचूनही मान्य करतात, तसा जी सायकल नित्य रस्त्यावर जाते तिचा या खोलीवरील हक्क निर्विवाद मानावा, आणि जी केवळ खुंटीला टांगलेली आहे तिच्या बेदखलीचा हुकूम काढावा, हे न्यायाला धरून दिसते. या न्यायाने डिस्क ब्रेकची कार्बन सायकल सर्वांआधी राहते. कारण रायपूरचा उन्हाळा तापू लागण्यापूर्वी, भल्या पहाटे चौबे कॉलोनीतून निघून जी. ई. रोडने आश्रम आणि रविशंकर विद्यापीठ मागे टाकीत टाटीबंधपर्यंत जाऊन यावयाचे, किंवा रविवारी नवा रायपूरच्या प्रशस्त रस्त्यांवर मनसोक्त फिरावयाचे, ते तिच्यावरूनच. आणि याच न्यायाने जाते ती पोलादी, जिच्या चौकटीवर ‘रेनॉल्ड्स 531’ ही पुसट झालेली चिठ्ठी अद्याप टिकून आहे.

येथे लेखणी अडते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कारखान्याने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ही नळी 1935 साली बाजारात आणली; पण त्याच्याही पूर्वी, 1897 साली, आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी नळीची टोके जाड आणि मध्य पातळ ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते, कारण ताण सांध्यापाशी एकवटतो आणि मधली जाडी केवळ वजन म्हणून उरते. नळी बाहेरून पाहिली तर हे काहीच कळत नाही; बोटाने टिचकी मारली म्हणजे टोकाशी आणि मध्यावर नाद निराळा येतो. माझ्या या सायकलीचे मागचे चाक बसण्याची जागा 126 मिलिमीटर रुंद आहे. पुढे 130 मिलिमीटरचा प्रघात पडला, आणि डिस्क ब्रेक आल्यावर तोही गेला. तरीही कुशल कारागीर पोलादी चौकट हलक्या हाताने रुंदावून नवे चाक तिच्यात बसवू शकतो, जे कार्बनच्या वा अॅल्युमिनियमच्या चौकटीत करू नये. शिवाय पोलादाला एका मर्यादेच्या आतील ताण कितीही वेळा सोसवतो. अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, प्रत्येक हादरा त्याच्या आयुष्याच्या खाती जमा होत राहतो. म्हणजे उपयोग हे प्रमाण मानले तर पोलादी सायकल सर्वांआधी जाते, आणि आयुष्य हे प्रमाण मानले तर, गंजापासून जपल्यास, सर्वांमागे तीच उरते. दोन प्रमाणे इतकी विरुद्ध साक्ष देऊ लागली म्हणजे निवाडा कोणत्या आधाराने करावा?

तात्यापाऱ्यात राहणाऱ्या माझ्या आत्या अशा प्रसंगी एकच म्हण उच्चारीत: एक ना धड, भाराभर चिंध्या. लहानपणापासून ती मी निमूटपणे मान्य करीत आलो, आणि या आठवड्यात मात्र ती मला स्वस्थ बसू देईना. कारण त्याच आत्यांच्या माजघरात जुन्या लुगड्यांचे एक गाठोडे होते, आणि घरात कोणाचे बोट कापले, देवापुढच्या समईला वात हवी झाली, पाळण्यातल्या मुलासाठी मऊ कापड लागले, की सारे घर त्या गाठोड्याकडे धाव घेई. धड वस्त्राला हात लावण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. सायकलीची साखळी पुसायलाही मी चिंधीच घेतो. आपल्याकडची ती लोककथाही आठवते: श्रीकृष्णाचे बोट कापले तेव्हा सुभद्रेच्या घरी बांधायला चिंधी मिळाली नाही, कारण तिथे सारी वस्त्रे भरजरी आणि धडच होती, आणि द्रौपदीने क्षणाचाही विचार न करता अंगावरचे उंची वस्त्र फाडून दिले. म्हणीच्या हिशेबाने सुभद्रेचे घर आदर्श ठरते. कथेच्या हिशेबाने नाही. पण मग द्रौपदीही माझ्या बाजूने उभी राहत नाही, कारण तिने चिंध्या साठविल्या नव्हत्या. तिने होते तेच दिले. साठविणे आणि देणे यांपैकी कथा कशाची थोरवी गाते हे स्पष्ट आहे, आणि ते मला गैरसोयीचे आहे.

आणि तरीही साठविणाऱ्यांविषयी मनात जो आदर आहे तो कमी होत नाही. पुण्याचे दिनकर केळकर, जे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये, वाड्यांचे कोरीव दरवाजे असे सुमारे 20,000 वस्तूंचे भांडार गोळा केले, बालवयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्याला दिले, आणि 1975 साली ते सारे शासनाच्या स्वाधीन केले. एक धड अडकित्ता घरी असताना दुसरा कशाला, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला असता तर आज ते दालन नसते. पत्नी कमळाबाईंनी या कामी त्यांना आयुष्यभर साथ दिली, हे मला त्या संग्रहाइतकेच मोठे वाटते. पुण्यातच विक्रम पेंडसे यांनी 2017 साली उघडलेल्या संग्रहालयात 150हून अधिक सायकली आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली घडीची बी.एस.ए.ही त्यांत आहे. त्या सायकली टिकल्या याचा मला आनंद आहे. परंतु अडकित्ता काचेआड ठेवला तरी अडकित्ताच राहतो. न चालणाऱ्या सायकलीविषयी तसे म्हणता येईल की नाही, याची मला खात्री नाही. न वापरलेल्या टायरच्या बाजूला उन्हाळ्यागणिक चिरा पडतात, पावसाळ्यात साखळी तांबूस होते, आणि ताबा माझा असूनही सायकल हळूहळू माझ्या हातून जातच असते.

तेव्हा शेऱ्याचा रकाना आजही कोराच आहे. किंबहुना लिहायला बसलो तेव्हा कार्बन सायकलीपुरता जो निर्णय पक्का वाटत होता, तोही आता तितकासा पक्का वाटत नाही, कारण खरोखर द्यायचेच तर जी आज अंगावर आहे तीच द्यावी असे त्या कथेतून निघते. मात्र चौबे कॉलोनीत, समता कॉलोनीत अथवा आसपास 56 सेंटिमीटरची चौकट बेताची होईल अशा उंचीचा कोणी तरुण वा तरुणी असेल, पहाटे उठण्याची आणि साखळी स्वतःच्या हाताने पुसण्याची ज्याची तयारी असेल, तर त्याने अवश्य येऊन भेटावे. किंमत घेणार नाही. कोणती सायकल द्यायची, ते त्याने ती चालवून दाखविल्यावर दोघे मिळून ठरवू.