न सांगता दारू सोडवा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एसटीने फिरताना भिंतीवर कुठेतरी हे वाचायला मिळतंच. चहातून द्या, भाजीतून द्या, पिणाऱ्याला पत्ताही लागणार नाही! मागच्या वर्षी काकूने मेहकरच्या बाजारातून अशीच एक पुडी आणली. तिच्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येईना. मी मागून घेतली आणि मोरीत ओतली.

का, ते सांगतो. डायसल्फिराम नावाची खरीखुरी गोळी आहे. शरीर दारू पचवतं त्यातली एक पायरी ती अडवते. वर दारू प्यायली की अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, मग धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणं. जिवावरही बेतू शकतं. म्हणून डॉक्टर ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. (न विचारता दुसऱ्याच्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकलं तर आपण त्याला काय म्हणतो? असो.) आणि 'खोलीत कोंडा, आपोआप सुटेल' म्हणणारे नातेवाईक तर घरोघरी असतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

बऱ्याच भांडणांनंतर काका पुण्याला मुक्तांगणमध्ये यायला तयार झाले. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेली ही संस्था. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी १ लाख रुपये दिले होते. उपचार ३५ दिवसांचे. पण मला खरी गंमत वाटली ती 'सहचरी'ची, म्हणजे पिणाऱ्यांच्या बायकांच्या गटाची. काकू आधी म्हणे, "पिते ते, अन् मी कायले जाऊ?" गेली मात्र. वीस वर्षं काकांची उधारी तीच फेडत होती, शाळेत 'ताप आलाय' असा निरोप तीच धाडत होती. हे सगळं ती पहिल्यांदा कुणाशी तरी बोलली.

गावी परतल्यावर दुकानदार जुनी उधारी मागायला दारात आला. काकू शांतपणे म्हणाली, "ज्यानं पेली त्याले माग बाप्पा."

मधे एका लग्नात काका घसरले. काकूने ना पाकीट लपवलं, ना शपथा घातल्या. दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन काकांनीच केला. त्याला आता ७ महिने झाले. दिवस काका मोजतात. काकूने शिलाई मशीन दुरुस्त करून आणलंय, ती त्यात गुंतलीय.