घटातली माती

दरवर्षी भाद्रपद सरत आला की आमच्या धर्मग्रामातील एखादा तरुण किंवा तरुणी सायंकाळच्या ख्रिस्तयागानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी रेंगाळते. आम्ही झगा उतरवून ठेवेपर्यंत इकडचे तिकडचे बोलणे होते आणि मग मूळ प्रश्न बाहेर येतो. "फादर, शेजारी घट बसणार आहेत. त्यांनी बोलावलंय. गेलं तर चालेल का? आणि प्रसाद दिला तर?" ऑक्टोबर हा आपला जपमाळेचा महिना. त्याच सुमारास शेजारच्या घरी नवरात्र असते, म्हणून हा प्रश्न वर्षानुवर्षे त्याच सुमारास येतो. प्रश्न लहान आहे आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येईल. पण उत्तर देण्याचा अधिकार आम्ही एका संध्याकाळी गमावला होता. तो पुन्हा मिळायला पंधरा वर्षे लागली. म्हणून आधी ती हकिकत सांगणे आम्हांस भाग आहे.

आमचा जन्म वसईच्या वाडीतला. केळी, पानवेली आणि विहिरीवरचा रहाट यांच्या सोबतीने आमचे बालपण गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वाडीच्या कडेला असलेल्या आमच्या दोन खोल्यांत सोलापूर जिल्ह्यातले एक कुटुंब भाड्याने राहत होते. काका एस. टी.त वाहक होते. घराण्याची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी. आम्ही त्या घरच्या बाईंना काकू म्हणत असू आणि त्या आम्हांला बाळ म्हणत.

घटाला शेतातली माती लागते. काकूंचे शेत दूर देशावर राहिलेले. म्हणून सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी त्या पाटी घेऊन आमच्या मागील दारी येत आणि आईला म्हणत, "वहिनी, माती हवी होती." आई त्यांना केळीच्या बुंध्याजवळची भुसभुशीत माती भरून देई, वर वेलीवरची विड्याची पानेही खुडून देई. गहू आणि ज्वारीचे पुडके मात्र त्यांच्या गावाहून आलेले असे. अशा रीतीने वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याची माती आणि सोलापूरचे धान्य तुळजाभवानीच्या नावाने एकत्र येत असे. त्यात काही विशेष आहे असे त्या दोघींना कधी वाटले नाही.

प्रतिपदेच्या सकाळी आम्ही मुले उंबऱ्यापाशी बसून सारे पाहत असू. पत्रावळीवर माती पसरायची, तीत धान्य पेरायचे आणि मधोमध मातीचा घट बसवायचा. घटात पाणी, सुपारी व नाणे, तोंडावर विड्याची पाने आणि त्यांवर नारळ. शेजारी नंदादीप. घटावर रोज एक माळ सोडायची. पहिली विड्याच्या पानांची, पुढे झेंडू, शेवंती, तिळाची फुले, जे मिळेल त्याची. म्हणूनच नवरात्रातले दिवस काकू तिथींनी मोजत नसत. "आज तिसरी माळ", "आज पाचवी माळ" असे म्हणत. घटाच्या अंगातून पाणी पाझरे, माती ओली राही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला बारीक भेगा पडून पिवळसर कोंब वर येत. ते उकरून पाहायचा मोह आम्हांला अनावर होई. काकू दटावत, "घट बसलाय बाळा. बसलेल्याला उठवू नये."

नंदादीप नऊ दिवस विझू द्यायचा नाही, हा त्या व्रतातला सर्वांत कठीण भाग. एका वर्षी, सातव्या माळेच्या रात्री, काका कामावर असताना धाकट्या मुलीला ताप भरला. काकूंना तिला डॉक्टरांकडे न्यायचे होते. दिव्यापाशी कुणाला बसवावे? त्यांनी आम्हांला हाक मारली. आमचे वय तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. त्यांनी तेलाची वाटी हाती दिली आणि शिकवले, "तेल घालत राहा. वात काजळली तर आधी तिच्यावर दुसरा दिवा लाव, मगच ही सार." आई दारातून पाहत होती. तिने गळ्यातील जपमाळ आमच्या हाती दिली आणि म्हणाली, "झोप आली तर ही म्हण." दीड-दोन तास आम्ही देवीचा दिवा राखला आणि जागे राहण्यासाठी 'नमो मरिया' म्हणत राहिलो. पवित्र मातेला त्यात काही वावगे वाटले असेल, असे आम्हांला आजही वाटत नाही.

नाताळापूर्वी दहा-बारा दिवस आमच्याही घरी पेरणी होई. गोठ्यातल्या बाळ येशूभोवती हिरवे शेत दिसावे म्हणून आई करवंट्यांत नाचणी पेरी. नळावर जाता-येता काकू त्या करवंट्यांवर ओंजळभर पाणी शिंपडून जात.

पुढे आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत गेलो. तत्त्वज्ञान झाले, ईशज्ञान झाले. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी अन्य धर्मांविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यावरील प्रश्न आम्ही परीक्षेत उत्तम सोडवला. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही, हा त्याचा आशय. 1996 साली गुरुदीक्षा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही दोन दिवसांसाठी घरी आलो. अंगावर नवा कोरा पांढरा झगा आणि मनात त्याहून कोरी निष्ठा होती.

संध्याकाळी काकू आल्या. हातात प्रसादाचे ताट होते. "फादर, घट बघायला या ना. पाचवी माळ आहे आज." आमच्या ओट्यावर तेव्हा गावातले चारपाच जण बसलेले. त्यांच्यासमोर आम्ही म्हणालो, "काकू, आता ते जमणार नाही. हे आमच्या धर्मात बसत नाही. प्रसादही नको." आमचा आवाज मृदू होता, सेमिनरीत आम्हांला बोलण्याचे शिक्षण मिळाले होते. काकूंनी ताटावर पदर धरला, "बरं, फादर" एवढेच म्हणाल्या आणि परत गेल्या. कुणीतरी आमच्या ठामपणाचे कौतुक केले. रात्री जेवण वाढताना आईने मात्र एकच विचारले, "दिवा राखायला चाललं होतं ना तुला?" आम्ही संत पौलाचा दाखला देऊ लागलो. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी त्याने करिंथकरांना काय लिहिले, हे आम्हांस ठाऊक होते. त्याच पत्रात दुसऱ्याच्या मनाला ठेच लावणाऱ्या ज्ञानापेक्षा प्रीती मोठी ठरवली आहे, हेही ठाऊक होते. ते आम्ही सांगितले नाही.

काकूंनी तो विषय कधी काढला नाही. दर अमावास्येला माती नेणेही चालूच होते. नवरात्रातील मंगळवारी व शुक्रवारी परडी घेऊन त्या पाच घरी जोगवा मागत आणि त्या पाचांत आमचे घर पहिल्यापासून होते. आई परडीत तांदूळ घाली. जोगव्याचा अर्थ आम्हांला उशिरा कळला. संत एकनाथांनी भवानीचा जोगवा रचला, तो परडीतल्या धान्यासाठी नव्हे. विकार टाकून देऊन बोध मागावा यासाठी. मागणाऱ्याने आधी दुसऱ्याच्या दारी रिकाम्या हाताने उभे राहिले पाहिजे. आम्ही त्या काळात कुणाच्या दारी रिकाम्या हाताने उभे राहत नव्हतो. आमच्या हातात नेहमी उत्तर असे.

पुढे एका व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही दुर्गासप्तशतीचा मराठी अनुवाद वाचला. मार्कंडेय पुराणातील हे तेरा अध्याय नवरात्रात घरोघरी वाचले जातात. महिषासुराची कथा आम्हांस वरवर माहीत होती. युद्धाचा तपशील नव्हता. देवीने पाश टाकताच तो रेडा सिंह होतो, सिंहावर वार होताच खड्गधारी पुरुष होतो, मग हत्ती, मग पुन्हा रेडा. तिथे आम्ही थांबलो. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला हा असुर अनोळखी नाही. लोभ एका दाराने हाकलावा तर तो काटकसरीचे रूप घेऊन परत येतो; राग न्यायाचा वेश चढवून येतो. इतरांचे असुर आम्ही ओळखत आलो होतो. 1996 सालच्या त्या संध्याकाळी आमचा अहंकार धर्मनिष्ठेचे रूप घेऊन आमच्याच ओट्यावर बसला होता, हे मात्र परधर्मीयांच्या त्या पोथीने दाखवून दिले.

कळले तरी आम्ही काकूंकडे गेलो नाही. कळणे आणि उंबरा ओलांडणे यांत अंतर असते.

2011 च्या जूनमध्ये आई देवाघरी गेली. काकू आल्या, रडल्या आणि घरी रोज संध्याकाळी जपमाळ होई तेव्हा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसत. सप्टेंबरअखेर आम्ही घराच्या कागदपत्रांसाठी वाडीत गेलो होतो. सर्वपित्री अमावास्येची संध्याकाळ होती. मागच्या दाराची कडी वाजली. दारात पाटी घेऊन काकू उभ्या. आम्हांला पाहून त्या क्षणभर थबकल्या. "फादर, माती हवी होती. वहिनी देत असत."

आम्ही कुदळ घेतली. केळीच्या बुंध्याजवळ खणले, खडे वेचून काढले, पाटी भरली. काकू पाटी उचलू लागल्या तेव्हा आम्ही ती स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. घट बसला होता, पहिली माळ सोडली होती. आम्ही घटाची पूजा केली नाही आणि काकूंनीही ती अपेक्षिली नाही. त्यांनी चटई टाकली, आम्ही बसलो. बऱ्याच वेळाने आम्ही सुरुवात केली, "काकू, त्या वर्षी मी..."

त्यांनी वाक्य पुरे होऊ दिले नाही. दिव्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तेल कमी झालंय. घाल, बाळा."

आम्ही तेल घातले.

त्यानंतर आम्ही जमेल त्या वर्षी काकूंकडे जात राहिलो आणि विचारीतही राहिलो. तुळजापूरला नवरात्रापूर्वी देवीची मूर्ती सिंहासनावरून उतरवून शय्येवर निजवतात आणि दसऱ्यानंतर थकलेली देवी आश्विन पौर्णिमेपर्यंत पुन्हा निद्रा घेते, हे काकूंनीच सांगितले. लेकरांसाठी झगडून दमलेल्या आईला विश्रांती द्यावी, हा भाव किती कोवळा आहे! आमची श्रद्धा वेगळी आहे. पवित्र मरियेला आम्ही देवी मानीत नाही. ती प्रभूची माता, आपल्यासाठी विनंती करणारी. हा भेद पुसून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, काकूंनाही ते रुचले नसते. पण पवित्र साक्रामेंतासमोरचा अखंड दिवा आम्ही रोज पाहतो आणि नंदादीपाशी जागणाऱ्या माणसाचे मन ओळखू शकतो. गव्हाचा दाणा मातीत पडून मेल्यावाचून पीक देत नाही, असे प्रभूने शिष्यांना शिकवले. इटलीतील सिसिली व सार्डिनिया बेटांवर आजही लेंटमध्ये अंधारात गहू रुजवतात आणि ते फिकट कोंब आज्ञागुरुवारी साक्रामेंताच्या वेदीपाशी मांडतात. कुठल्याही देशातला शेतकरी पेरल्यावर माती उकरून पाहत नाही. तो पाणी घालतो, दिवा राखतो आणि वाट पाहतो. नवरात्राच्या विधींतून आम्हांस कळलेला अर्थ एवढाच आहे, आणि तो आमच्या आगमनकाळालाही परका नाही.

म्हणून दाराशी रेंगाळणाऱ्या तरुणांना आम्ही सांगतो : जा. चपला बाहेर काढा, बसा, विचारा, ऐका. जी पूजा तुमच्या श्रद्धेची नाही ती केल्याचे नाटक करू नका. यजमानाचाही तो अपमान आहे. प्रसाद घेताना मन कचरत असेल तर आदल्या दिवशी एकांतात, हात जोडून सांगा. चार माणसांसमोर कुणाचे ताट परत पाठवू नका.

काकू 2019 साली गेल्या. त्यांच्या खोल्यांच्या जागी आज इमारत आहे, वाडीही बरीच आटली आहे. त्यांची मुलगी शहरात राहते. तिथे नवरात्रापूर्वी बाजारात मातीच्या पिशव्या विकत मिळतात आणि तीही तीच माती आणत असे. गेली काही वर्षे अमावास्येपूर्वी आम्ही उरलेल्या केळींजवळची पाटीभर माती तिच्याकडे पोहोचवतो. 2011 च्या दसऱ्याला काकूंनी आमच्या हाती दिलेले घटाचे कोंब आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहेत. ते वाळून गवतासारखे झाले आहेत. रात्रीची प्रार्थना जिथे सुरू होते, त्या पानावर आम्ही ते ठेवले आहेत.